वाचकांचे प्रश्न : पिकअपचे कूलंट घरी बदलताना

उन्हाळा तोंडावर आल्यामुळे या वेळची बहुतेक पत्रे इंजिन तापण्याविषयीची आहेत. औसा तालुक्यातून आलेला प्रश्न पिकअपवर पोट असलेल्या सर्वांच्याच उपयोगाचा असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली डिझेल पिकअप आहे. हंगामात सोयाबीन आणि तुरीचे कट्टे घेऊन लातूरच्या मोंढ्यात जातो, एरवी भाजीपाला आणि कडबा वाहतो. गेल्या मे महिन्यात भरलेली गाडी चढाला लागली की तापमानाचा काटा वर सरकायचा, म्हणून मी रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालत आलो. आता ते पाणी चहासारखे तांबूस दिसते. गावातला मिस्त्री हिरवे कूलंट टाका म्हणतो, दुसरा लाल टाका म्हणतो. पुतण्या म्हणतो, काका, आपण घरीच बदलू. घरी बदलता येईल काय, कोणत्या रंगाचे घ्यावे आणि त्यात जारचे पाणी चालेल काय?
— एक शेतकरी वाचक, औसा तालुका

उत्तर : आपल्या पुतण्याचे म्हणणे खरे आहे. पाना-पक्कड, मोठे घमेले, नरसाळे, लिटरचे माप आणि एक मोकळा दिवस एवढ्यावर हे काम घरच्या अंगणात होते, आणि मन लावून केले तर गॅरेजमध्ये घाईने उरकलेल्या कामापेक्षा चांगले होते. अवघड भाग जुने पाणी काढण्याचा नाही. ते काढल्यावरही इंजिनाच्या पोटात जे उरते त्याचा हिशेब ठेवण्याचा आहे, आणि बहुतेकांचे काम नेमके तिथेच फसते.

रंगाचा वाद आधी मिटवू. कूलंटचा रंग म्हणजे कंपनीने ओळखीसाठी घातलेला रंग. त्यावरून आतील रसायन खात्रीने कळत नाही आणि दोन कंपन्यांची हिरवी कूलंटे एकमेकांपासून वेगळी असू शकतात. खरा फरक गंज रोखणाऱ्या रसायनांचा असतो. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधील सिलिकेटसारखी रसायने साधारण दोन वर्षांत संपतात, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेली दीर्घायुषी कूलंटे पाच वर्षांपर्यंत टिकतात. दोन्ही एकत्र झाली की दीर्घायुषी कूलंटचे आयुष्य घटते आणि काही मिश्रणांत गाळही धरतो. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा. जुन्या गाडीबरोबर पुस्तिका क्वचितच हाती येते. तशा वेळी गाडीचे मॉडेल आणि साल सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे आणि त्याच वेळी एकूण किती लिटर कूलंट बसते हेही विचारून घ्यावे. बाटलीवर आयएस ५७५९ हा भारतीय किंवा जेआयएस के २२३४ हा जपानी मानकाचा क्रमांक छापलेला आहे काय, तेही पाहावे.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्या गाडीचे दुखणे तिथेच दिसते. मराठवाड्यातील काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर चढणारे पांढरे पुट आपण रोज पाहत असाल, तेच पुट इंजिनातील पाण्याच्या वाटांवरही चढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला मानला जातो आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. समजा, आपल्या बोअरचे पाणी त्या वरच्या मर्यादेवर आहे आणि उकळून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आपण सहा महिने रोज अर्धा लिटर भर घातली, तर ९० लिटर पाण्याबरोबर ५४ ग्रॅम क्षार आत गेले. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागेच राहतात, आणि त्यांचा बराचसा भाग सर्वांत तापलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे सिलिंडरभोवती, जाऊन बसतो. तो थर उष्णता अडवतो. गाडी तापते म्हणून आपण पाणी घालता आणि त्याच पाण्याने ती पुढच्या वर्षी अधिक तापते.

कूलंटमुळे इंजिन थंड राहते, ही समजूतही पूर्णपणे खरी नाही. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी हे कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. पाणी गोठण्याचा धोका आपल्याकडे नाही. उकळण्याचे म्हणाल, तर निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे मिश्रण उघड्यावर १०७ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ च्या पुढे जाते. पण दाबाखाली साधे पाणीही १२० च्या आसपासच उकळते. म्हणजे इथला लाभ काही अंशांचाच आहे. आपल्या मुलखात कूलंट घालायचे ते मुख्यतः गंज आणि क्षार रोखण्यासाठी, आणि त्यात बोअरचे पाणी मिसळले तर त्याचे मोल बरेचसे वाया जाते.

जारचे पाणी आतून धुण्यासाठी चालेल. शेवटच्या भरणीला मात्र ते घेऊ नये, कारण कोणत्या प्लांटवर किती क्षार काढले जातात याची खात्री नसते. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात, ते घ्यावेत. मागताना मात्र नीट नाव घेऊन मागावे, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये ठेवलेले असते. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला रेडिएटरसाठी पाणी विकत घ्या असे सांगताना संकोच वाटतो, पण लागते ते आठ-दहा लिटरच.

कामाला हात घालण्यापूर्वी रेडिएटर बाहेरून पाहावा. कडबा आणि सोयाबीन वाहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत भुसकट इतके गच्च बसलेले असते की हवेला वाटच राहत नाही, आणि तेवढे काढल्यावरच काटा खाली आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने पाणी मारावे. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने पातळ पत्र्या वाकतात.

आदल्या संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना काम सुरू करावे. गरम इंजिनाचे झाकण उघडले की दाब सुटतो, आतील पाणी त्याच क्षणी उकळते आणि अंगावर उसळून चेहरा, हात भाजतात. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि गाडीत हीटर असेल तर त्याची कळ गरमकडे करावी. रेडिएटरच्या तळाशी एका कोपऱ्यात लहान तोटी असते. खाली घमेले ठेवून ती हाताने सैल करावी. वरचे झाकण घट्ट असेपर्यंत बारीकशीच धार येते. झाकण सैल करताच हवा आत शिरते आणि धार एकदम जाड होऊन पुढे उडते, म्हणून घमेले आधीच पुढे सरकवून ठेवावे. जुनी प्लॅस्टिकची तोटी जोर लावल्यास मोडते. ती हलत नसेल तर खालच्या होज पाईपची क्लिप ढिली करून पाईपच काढावा. निघालेले सारे पाणी मापाने मोजून झाकणाच्या डब्यात भरावे. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा.

एवढ्यात दोन गोष्टी तपासून होतात. झाकणाच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. तांबूस चिखल लागला तर गंज आहे आणि पांढरी कचकच लागली तर क्षार आहेत. मग वरचा होज पाईप दोन बोटांत दाबावा. आत कुरकुर ऐकू आली, किंवा रबर फुगून मऊ पडलेले असले, किंवा क्लिपेजवळ चिरा दिसल्या, तर पाईप आताच बदलावा. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर तेही नवे घ्यावे, मात्र जुन्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो दाबाचा आकडा असेल त्याच आकड्याचे घ्यावे.

तोटी बंद करून स्वच्छ पाणी भरावे, झाकण लावून इंजिन चालू करावे आणि वरचा होज पाईप हाताला गरम लागेपर्यंत चालू ठेवावे. पाईप गरम झाला याचा अर्थ थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट मोकळी करणारा वॉल्व्ह, उघडला आणि इंजिनातील पाणी रेडिएटरमध्ये फिरू लागले. त्याआधीच पाणी काढले तर फक्त रेडिएटर धुतला जातो आणि इंजिन तसेच राहते. मग गाडी बंद करून ती गार होऊ द्यावी आणि पाणी सोडावे. पाणी नितळ येईपर्यंत असे करत राहावे. आपल्या गाडीला तीन वेळा तरी करावे लागेल, आणि शेवटची खेप डिस्टिल्ड वॉटरची असावी. फरशी साफ करण्याचे ॲसिड कोणी सुचवले तरी घालू नये, ते ॲल्युमिनियम खाते. पुट फार जाड असेल तर रेडिएटर काढून जाणत्या कारागिराकडे न्यावा. जुन्या पितळी रेडिएटरच्या नळ्यांत सळई फिरवून तो साफ करता येत असे. प्लॅस्टिकच्या टाक्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला तो उपाय चालत नाही आणि कित्येकदा तो बदलावाच लागतो. धुतल्यावर एखादी जागा नव्याने गळू लागली, तर ते भोक आधीपासून होते आणि क्षारांनी बुजले होते, एवढेच समजावे.

आता हिशेब. समजा, आपल्या गाडीत एकूण ८ लिटर कूलंट बसते आणि तोटीतून ५ लिटरच निघाले. उरलेले ३ लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि पाईपांत आहे, आणि शेवटच्या धुण्यानंतर ते निव्वळ पाणी आहे. आता बाजारातील निम्मे-निम्मे तयार मिश्रण ५ लिटर ओतले, तर त्यात अडीच लिटरच मूळ कूलंट असते, म्हणजे ८ लिटरमध्ये ते ३१ टक्के भरते. माणूस समजतो निम्मे आहे, असते तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. यासाठी धुतल्यानंतर तयार मिश्रण न घेता कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट घ्यावे, ४ लिटर ते आधी ओतावे आणि वर १ लिटर डिस्टिल्ड वॉटर घालावे. आतील ३ लिटर धरून प्रमाण बरोबर निम्मे-निम्मे होते. आपल्याकडे पुष्कळ बाटल्यांवर १ भाग कूलंटला ३ भाग पाणी असे प्रमाण छापलेले असते. तसे असेल तर ८ लिटरसाठी २ लिटर कूलंट आणि वर ३ लिटर डिस्टिल्ड वॉटर लागेल. इंजिनाच्या ब्लॉकला निचऱ्याचा बोल्ट असतो आणि तो उघडला तर आतील बरेचसे पाणी निघते. पण जुन्या इंजिनावर तो गंजून बसलेला असतो, आणि त्याची झटापट घरी करू नये असे माझे मत आहे.

भरताना सावकाश ओतावे आणि मधून मधून वरचा होज पाईप दाबावा म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असेल तर तो आधी ढिला करून ठेवावा. तोंडापर्यंत भरल्यावर झाकण न लावता इंजिन मंद चालू ठेवावे. काही मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटर ढेकर दिल्यासारखा गुडगुडतो आणि पातळी झटकन खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावावे. या वेळी चेहरा रेडिएटरच्या तोंडावर धरू नये, कूलंट वर येऊन सांडू शकते. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसून दाबाची टाकी असते, तिथे टाकीतूनच भरावे. बाजूची टाकी धुऊन तिच्यावरील दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवावी. पहिली फेरी रिकाम्या गाडीची करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

एवढे करूनही कुठे गळती न दिसता पाणी कमी होत राहिले, चालू इंजिनात रेडिएटरमधून बुडबुडे थांबेनात किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधील पातळ सीलची शंका घ्यावी आणि गाडी न चालवता मिस्त्रीला बोलवावे. त्यावर कोणतेही कूलंट हा उपाय नाही.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढूनच टाकला आणि आता गाडी तापणार नाही असे सांगितले. हे योग्य आहे काय?
— एक मालवाहतूकदार वाचक, माजलगाव

उत्तर : योग्य नाही, पण हा सल्ला इतका रूढ आहे की आपल्या मिस्त्रीला एकट्याला दोष देता येणार नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो आणि तापलेल्या गाडीत तो पूर्ण उघडाच असतो. मग तो काढून मिळवले काय? उलट इंजिनाला योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, डिझेल अधिक जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाटही बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतो आणि गाडी आधीपेक्षा अधिक तापते.

उन्हाळ्याची अडचण वेगळी आहे. रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर. कूलंट ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५ चा असतो. हवा ४२ वर गेली की तो ४८ उरतो, म्हणजे रेडिएटरची ताकद सुमारे पाव हिश्शाने घटते. ज्या रेडिएटरच्या काही नळ्या क्षारांनी बुजल्या आहेत तो हिवाळ्यात निभावून नेतो आणि मे महिन्यात उघडा पडतो. थर्मोस्टॅट अडकून बसत असेल तर त्याच अंशांचा नवा बसवावा. जुना तपासायचा असेल तर पातेल्यातील पाण्यात दोरीने लोंबता सोडून पाणी तापवावे. उकळी येण्याआधी तो उघडताना डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : पाणी अजिबात न मिसळता निव्वळ कूलंट भरले तर उन्हाळ्यात अधिक चांगले नाही काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. निव्वळ ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधील मुख्य द्रव, पाण्याच्या जेमतेम साठ टक्के उष्णता वाहून नेते आणि दाटही असते. पैसे अधिक जातील आणि इंजिन अधिक तापेल. ज्या बाटलीवर तयार मिश्रण असे लिहिलेले असते तिच्यात पाणी आधीच असते, ती मात्र तशीच ओतावी.

प्रश्न : आमच्या ह्यांनी अंगणात गाडीचे कूलंट काढले आणि घमेले तसेच ठेवून ते जेवायला बसले. वासरू त्याला तोंड लावणार एवढ्यात मी पाहिले. हे पाणी विषारी असते काय, आणि ते टाकावे कुठे?
— एक गृहिणी वाचक, वसमत तालुका

उत्तर : आपण वेळेवर पाहिलेत हे फार चांगले झाले. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते, त्यामुळे कुत्रे, मांजर, वासरू आणि रांगते मूलही त्याकडे ओढले जाते. मोठ्या माणसालाही साधारण १०० मिलिलिटर जिवावर बेतू शकते, मांजराला काही चमचे पुरतात, आणि मोठ्या जनावराच्या मानाने वासराला थोडी मात्राही घातक ठरते. सुरुवातीला झोकांड्या आणि उलट्या दिसतात, मग काही तास बरे वाटल्यासारखे होते आणि त्या काळात मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक धरू लागतात. तो बरे वाटण्याचा काळच फसवा असतो. पोटात गेल्याची नुसती शंका असली तरी जनावराच्या डॉक्टरांना लगेच बोलवावे, माणसाला तडक रुग्णालयात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी. त्यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा असतो आणि पहिल्या काही तासांतच त्याचा खरा उपयोग होतो.

काढलेले कूलंट गटारात, ओढ्यात, विहिरीच्या कडेला किंवा बांधावर ओतू नये. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक अक्षरांत विष असे लिहून, वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे आणि ते ऑइलमध्ये मिसळू नये. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नये. सांडलेल्या जागेवर राख किंवा लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा आणि नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. घमेले पुन्हा गोठ्यात किंवा घरकामात वापरू नये.

प्रश्न : भरलेली गाडी कन्नडच्या घाटात तापली आणि काटा लाल पट्टीवर गेला, तर वाटेत काय करावे?
— एक चालक वाचक, कन्नड

उत्तर : पहिली सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्यावी. तिथपर्यंत पोहोचेतो एसी असल्यास बंद करावा आणि हीटर असल्यास तो पूर्ण चालू करावा; गाडीत बसवणार नाही, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. पाणी बाहेर पडत नसेल, वाफ दिसत नसेल आणि फॅन फिरत असेल, तर गाडी उभी करून इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावे आणि मग बंद करावे. वाफ निघत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबावे. झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर बाटलीतील गार पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जाऊ शकतो. गार झाल्यावर जाड फडके ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, सूं आवाज पूर्ण थांबू द्यावा, मगच ते काढावे. त्या वेळी जवळ असेल ते पिण्याचे पाणी घालून खाली उतरावे आणि घरी आल्यावर वरील हिशेबाने ते पुन्हा काढून टाकावे.